जुना झिऑन स्वस्तात मिळतोय? गेमिंग आणि एडिटिंगचा पीसी जुळवताना या चुका टाळा

पीसी जुळवायला निघालेल्या नवख्या मुलांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतो. इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर झिऑन ई५-२६८० व्ही४ म्हणजे १४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), २८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), ३५ एमबी कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी), आणि किंमत नव्या कोअर आय-३ पेक्षाही कमी. मग आय-५ वर पैसे का घालवायचे?

हा प्रोसेसर २०१६ चा आहे. डेटा सेंटरवाले काही वर्षांनी सगळे सर्व्हर एकदम बदलतात आणि त्यातले झिऑन ढिगाने बाजारात येतात, म्हणून तो स्वस्त. चिपमध्ये खोट नसते. पण ती घडवली शेकडो लोकांच्या छोट्या छोट्या विनंत्या एकाच वेळी, रात्रंदिवस हाताळण्यासाठी. आपलं काम त्या जातीचं आहे का हे न विचारता कोअर मोजत बसायचं, ही मूळ चूक. बाकीच्या बहुतेक चुका हिच्याच पोटातून निघतात.

कोअर मोजले, वेग पाहिलाच नाही

२६८० व्ही४ चा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आणि टर्बो, म्हणजे वाढीव कमाल वेग, ३.३. हा टर्बोसुद्धा मोजकेच कोअर जागे असताना मिळतो. सगळे कामाला लागले की वेग तीनच्या खाली येतो. कोअर आय-५ १२४००एफ ला कोअर सहाच, पण टर्बो ४.४. शिवाय त्याची रचना कितीतरी नवी, त्यामुळे तेवढ्याच गिगाहर्ट्झमध्येही तो जास्त काम उरकतो. दुकानदार ३५ एमबी कॅशचं कौतुक सांगतात, तर साध्या रायझन ५ ५६०० मध्येही ३२ एमबी एल३ कॅश आहे.

गेममध्ये एक मुख्य थ्रेड असतो. खेळाडू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, पुढच्या फ्रेममध्ये (पडद्यावरच्या पुढच्या चित्रात) काय काढायचं, हे ठरवून तो ग्राफिक्स कार्डाला काम देतो. आजचे गेम काही कामं इतर कोअरवर टाकतात, पण हा मुख्य थ्रेड फारसा वाटून देता येत नाही. पंगतीत वाढपी अठ्ठावीस उभे केले तरी भात शिजवणारा आचारी एकच असेल, तर पानं रिकामीच राहतात.

इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा त्याचा पीसी घेऊन आला होता. हाच झिऑन, त्यासाठीचा चिनी एक्स९९ मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० कार्ड, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये शांतता असेपर्यंत सगळं ठीक, समोरासमोर चकमक सुरू झाली की चित्र अडखळायचं. त्याने निष्कर्ष आधीच काढला होता: कार्ड कमी पडतंय, हे विकून मोठं घ्यायचं. पुरावा म्हणून टास्क मॅनेजर उघडून दाखवला. प्रोसेसरचा वापर पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास. "बघा दादा, प्रोसेसर तर झोपलाय."

या एका आकड्याने किती मुलांचे पैसे वाया गेले असतील! टास्क मॅनेजर दाखवतो ती सगळ्या थ्रेडची सरासरी. २८ पैकी एक थ्रेड काठोकाठ भरला, तरी त्या सरासरीत तो जेमतेम साडेतीन टक्के दिसतो. गेमचा मुख्य थ्रेड धापा टाकत असतो आणि वरचा आलेख मात्र निवांत.

अशा वेळी मी दोनच गोष्टी करतो. एक, एमएसआय आफ्टरबर्नर लावून गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर बघतो. फ्रेम घसरतात त्या क्षणी कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवरच रेंगाळत असेल आणि फ्रेमवर कुठली मर्यादा लावलेली नसेल, तर ते प्रोसेसरची वाट बघतंय. दोन, रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करतो. कार्डावरचा भार एकदम कमी होतो. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत, तर दोष कार्डाचा नाही. पाच मिनिटांची ही तपासणी न करता लोक हजारो रुपयांचं कार्ड बदलायला निघतात याचा मला खरोखर त्रास होतो.

त्या मुलाच्या पीसीत ७२०पी वर फ्रेम जागच्या हलल्या नाहीत. रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड आणि रॅमच्या दोन नव्या पट्ट्या घेतल्या. कार्ड तेच, मॉनिटर तोच, आणि अडखळणं गेलं. नव्या कार्डाला लागले असते त्याहून कमी पैशांत काम झालं. पहिल्यांदाच हे घेतलं असतं तर झिऑन, बोर्ड आणि त्याची रॅम यांवरचे पैसेही वाचले असते.

नुसत्या गेमिंगसाठी बजेट अगदीच तुटपुंजं असेल, तर चार कोअरचा आय-३ १२१००एफ घ्या. बहुतेक गेममध्ये तो या चौदा कोअरच्या पुढे राहतो. वरच्या टोकालाही हेच दिसतं: एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी आठ कोअरचा, पण ९६ एमबी एल३ कॅशच्या जोरावर गेममध्ये त्याच घरातल्या सोळा कोअरच्या ७९५०एक्स ला मागे टाकतो.

एडिटिंग म्हटलं की दोन-दोन झिऑन

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मंडळींमध्ये ही समजूत फार पक्की आहे. माझ्या ओळखीच्या एका व्हिडिओग्राफरने दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसर बसणारा बोर्ड घेतला, दोन २६८० व्ही४, एकूण २८ कोअर आणि ५६ थ्रेड, ६४ जीबी रॅम. घेण्याचं कारण सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणीतला स्कोअर. तो स्कोअर खोटा नव्हता. सिनेबेंच चित्राचे तुकडे करून प्रत्येक कोअरला एकेक देतं, त्यामुळे तिथे जितके कोअर तितका फायदा.

पण लगीनसराई सुरू झाली आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन चालेना. प्ले दाबलं की आवाज पुढे, चित्र मागे. क्लिप सोनीच्या कॅमेऱ्यातल्या, एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), १० बिट, ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारा प्रकार). त्याने आधी एसएसडी बदलली, मग रॅम वाढवली, मग विंडोज नव्याने टाकलं. फरक शून्य. नवरीकडचे फोन चालू, आणि हा रात्र रात्र जागून अडखळणाऱ्या चित्रावर कट मारतोय.

अडचण डिकोडिंगची होती. एच.२६५ ची फाइल उलगडणं हे जड काम, आणि त्यासाठी प्रोसेसरमध्ये किंवा कार्डात वेगळी यंत्रणा लागते. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये ती क्विक सिंक नावाने असते, आणि अकराव्या पिढीपासून तिला ४:२:२ १० बिट एच.२६५ उलगडता येतं. झिऑन ई५ मध्ये ग्राफिक्सच नाही, म्हणजे क्विक सिंक नाही. त्याचं कार्ड एनव्हिडियाचं होतं, पण आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीच्या कार्डांना हा ४:२:२ प्रकार उलगडता येत नाही. म्हणजे सगळा भार कमी वेगाच्या कोअरवर.

शिवाय सॉकेट दोन असले की रॅमही दोन घरांत विभागली जाते. एका प्रोसेसरला दुसऱ्याच्या रॅममधला डेटा हवा असेल तर मधला पूल ओलांडावा लागतो आणि उशीर होतो. सर्व्हरची सॉफ्टवेअर हे लक्षात घेऊन लिहिलेली असतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरकडून आणि गेमकडून ती अपेक्षा धरू नका.

त्याला मी आय-७ १२७०० घ्यायला लावला. शेवटी एफ नसलेला, हे बिल होण्यापूर्वी दोनदा वाचून घ्या. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, म्हणजे क्विक सिंकही गेलं. थोडे पैसे वाचवायला नेमका तोच भाग सोडू नका. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू ठेवलं, प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये इंटेलचं हार्डवेअर डिकोडिंग चालू केलं, आणि टाइमलाइन सरळ धावायला लागली.

झिऑन घेऊन बसला असाल आणि लगेच बदलणं शक्य नसेल, तर प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, करा. रात्री झोपताना सगळ्या क्लिप प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी या फॉरमॅटमध्ये रूपांतराला लावा, सकाळी त्यांच्यावर कट करा, शेवटी एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून होतो. या रूपांतरात जास्तीचे कोअर खरंच कामी येतात. "रात्रभर कोण थांबणार" म्हणणारे पुढे आठवडाभर अडखळत एडिट करतात.

रॅमचे घोळ

सर्व्हरची रॅम बहुधा रजिस्टर्ड ईसीसी असते, म्हणजे चुका दुरुस्त करणारी, खास सर्व्हरच्या जातीची. डीडीआर४ मध्ये ती डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये अगदी व्यवस्थित बसते, पण पीसी चालू होत नाही. झिऑनमधून डेस्कटॉपवर जाताना जुनी रॅम वापरता येईल असं धरून बजेट आखू नका. त्या व्हिडिओग्राफरची जुनी रॅम आजही तशीच पडून आहे.

झिऑन ई५ ला रॅमच्या चार वाटा (चॅनेल) असतात. एकच ३२ जीबीची पट्टी लावली तर तीन वाटा रिकाम्या जातात. आठ-आठच्या चार लावा.

आणि डीडीआर५ च्या चिपमध्ये अंतर्गत चूकदुरुस्ती असते म्हणून तिला ईसीसी रॅम समजू नका. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या प्रवासात झालेली चूक ती पकडत नाही.

डिस्प्ले येत नाही

केबल मदरबोर्डला लावली आहे का ते आधी बघा. झिऑन ई५ आणि एफ मालिकेला ग्राफिक्स नसतं, केबल कार्डालाच लागते. मग एक सोडून रॅमच्या बाकी पट्ट्या काढा, सीमॉस क्लिअर करा (बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत आणा), आणि बोर्डावरचे ८ पिनचे सगळे पॉवर जोड एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) लागलेत का ते बघा. एवढं होण्यापूर्वी प्रोसेसर उपटायला हात लावू नका; सॉकेटमधली एक पिन वाकली तर बोर्डच जातो.

छोट्या, पण महाग पडणाऱ्या चुका

ब्रॉडवेल पिढीचा, म्हणजे हा व्ही४ झिऑन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुगाड करून ११ टाकता येतं, पण व्हॅलोरंट तिथे टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतं.

झिऑन ई५ ची पहिली आणि व्ही२ पिढी एव्हीएक्स२ या सूचनासंचाशिवायची आहे. कितीही स्वस्त असली तरी आता घेऊ नका.

चिपवर "इंटेल कॉन्फिडेन्शियल" छापलेलं दिसलं तर तो चाचणीचा नमुना आहे. परत करा.

टर्बो अनलॉकचं (सगळ्या कोअरना टर्बो वेगाने चालवणारं) बायोस व्ही३ वर चालतं, व्ही४ वर नाही. व्ही३ वरही मला ते पसंत नाही, कारण स्वस्त बोर्डाच्या पॉवर भागाला ती उष्णता झेपत नाही.

विजेचाही हिशेब करा. समजा झिऑनची मशीन ८० वॅट जास्त खाते आणि रोज १० तास चालते, तर महिन्याला २४ युनिट वाढले.

मग झिऑन घ्यायचा कुणी?

ज्याला १२८ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम स्वस्तात हवी आहे, जो एकावेळी अनेक व्हर्च्युअल मशीन चालवतो, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडर प्रोसेसरवरच करतो, किंवा ज्याला दोन-तीन कार्डं एकदम लावायची आहेत, त्याने जरूर घ्यावा. २६८० व्ही४ ला पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्डं जोडण्याच्या) ४० लेन आहेत, १२४०० ला प्रोसेसरमधून वीसच. वेगही हवा असेल तर ई५-१६५० व्ही४ बघा: कोअर सहाच, पण मूळ वेग ३.६ आणि टर्बो ४.०.

पण सुटा चिनी बोर्ड मी सुचवत नाही. त्यांतल्या बऱ्याच बोर्डांवर जुन्या बोर्डांवरून काढलेले चिपसेट असतात, आणि बायोस अपडेट कुठून मिळणार याचा पत्ता नसतो. त्याऐवजी एचपी झेड४४० किंवा डेल प्रिसिजन टी५८१० सारखी रीफर्बिश्ड वर्कस्टेशन घ्या. झेड४४० चा एसएमपीएस बाजारातल्या साध्या एसएमपीएसने बदलता येत नाही, म्हणून तो किती वॅटचा आहे आणि कार्डाला पॉवरचे किती जोड देतो हे लेबलवर वाचूनच पैसे द्या. दुकानातच सीपीयू-झेड उघडून रॅमच्या चारही वाटा दिसतात का ते बघा आणि अर्धा तास प्राइम९५ ही प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी चालवा. अर्धा तास थांबू न देणाऱ्या दुकानातून मी काही घेत नाही.