घरमालकाकडे भरपाई मागताय? आधी या चुका टाळा

‘गिझर जळाला, पैसे पाठवा.’ भाडेकरूंचे घरमालकाला जाणारे मेसेज बऱ्याचदा एवढेच असतात. कशामुळे जळाला, कधीपासून कुरकुर होती, मिस्त्री काय म्हणाला, यातलं काहीच नसतं. मग मालकाचंही एका ओळीत उत्तर येतं, ‘वापर तुमचा, तुम्हीच बघा’, आणि तिथून पुढे फक्त वाद. आधी कारण, मग जबाबदारी आणि शेवटी रक्कम, हा क्रम सोडला की रास्त मागणीसुद्धा फसते.

जुना पार्ट भंगारात देणं

सगळ्यात महागात पडणारी आणि तरीही सर्रास होणारी चूक हीच. नाशिकमध्ये पाथर्डी फाटा, इंदिरानगर, आडगाव या भागांतल्या बऱ्याच इमारतींत वापराला बोअरचं पाणी असतं. ते क्षारयुक्त असेल तर गिझरच्या एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर, पांढरा थर साचत जातो. थरामुळे एलिमेंटची उष्णता पाण्यात नीट जात नाही, आतून ते जास्त तापतं, शेवटी आवरण चिरतं, करंट अर्थला जातो आणि गिझर लावला की ब्रेकर पडतो. ही वापरातली झीज झाली. टाकीत पाणी नसताना गिझर चालू ठेवला तर मात्र एलिमेंट थराशिवाय काळं-निळं पडून फुटतं, आणि तो निष्काळजीपणा ठरतो. जाणकार मिस्त्री एलिमेंट हातात घेऊन हा फरक सांगू शकतो. अर्थात, ते एलिमेंट जागेवर असेल तर.

नेहमी घडतं ते असं. डिसेंबरचा कडाका, घरात लहान मूल, मालक बाहेरगावी. भाडेकरू दुपारी दुकानात जातो, १५ लिटरच्या जागी २५ लिटरचा नवा गिझर आणतो, जुना बसवणाऱ्यालाच देऊन टाकतो आणि पुढच्या भाड्यातून सगळी रक्कम कापतो. मालक परत आल्यावर म्हणतो, ‘तुम्ही पाण्याशिवाय चालवला असणार.’ आता एलिमेंट नाही, फोटो नाही, बिलावर फक्त ‘गिझर १ नग’. त्यात कदाचित एलिमेंट आणि गॅस्केट बदलून काम भागलं असतं, हा मालकाचा मुद्दाही बरोबरच. बिघाड खरा होता, हक्कही बहुधा होता, पण घाईने दोन्ही घालवले. थंडीत थांबवत नाही हे मान्य, पण चार फोटो काढायला आणि एक मेसेज टाकायला दहा मिनिटं पुरतात.

म्हणून काढलेला पार्ट पिशवीत घाला, वर तारीख लिहा आणि हिशेब मिटेपर्यंत घराबाहेर जाऊ देऊ नका. मिस्त्रीकडून बिलावर कारण लिहून घ्या: ‘एलिमेंटवर क्षार, आवरण फुटले, अर्थ लीकेज, एलिमेंट व गॅस्केट बदलले.’ ‘गिझर रिपेअर’ एवढ्यावर समाधान मानू नका. टाकीच गळत असेल तर ‘टाकी गळकी, दुरुस्ती शक्य नाही’ असं स्पष्ट लिहून हवं, कारण नवा गिझर मागायला तेच कारण लागतं.

न्यूट्रल गेला आणि टीव्ही जळाला, की मालकाला धरणं

इथे भाडेकरू हमखास चुकीच्या दारात उभे राहतात. इमारतीला थ्री फेज, म्हणजे तीन चालू तारांतून, पुरवठा असतो आणि सिंगल फेज, म्हणजे एकाच तारेवरचे, फ्लॅट त्या फेजवर वाटलेले असतात. इमारतीचा सामाईक न्यूट्रल (करंटची परतीची तार) तुटला किंवा सैल झाला की काही घरांत २३० व्होल्टच्या जागी खूप जास्त दाब येतो, पार ४०० च्या जवळपास जाऊ शकतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या घरांत दिवे मिणमिणतात. टीव्ही, फ्रिजचं कार्ड, सेट-टॉप बॉक्सचा अॅडॉप्टर, एलईडी दिवे यांवर आधी गदा येते.

तुमचा फ्लॅट सिंगल फेज असेल आणि मीटर ते घर यांमधलाच न्यूट्रल तुटला, तर वस्तू जळत नाहीत. वीजच बंद पडते. म्हणून आधी शेजाऱ्यांकडे विचारा. चार घरांत एकाच वेळी जळालं असेल तर दोष सामाईक पॅनेलमध्ये किंवा त्यामागच्या लाइनवर. ताबडतोब मेन स्विच बंद करा, महावितरणच्या १९१२ वर बारा अंकी ग्राहक क्रमांक देऊन तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. वायरमनला सैल जोड कुठे सापडला, ते त्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी कळवा. फ्लॅटला स्वतःचं थ्री फेज कनेक्शन असेल आणि डीबीतलाच (घरातल्या ब्रेकरच्या बॉक्समधलाच) न्यूट्रल जळाला असेल, तर विषय मालकाच्या वायरिंगचा. ‘डीबीतून ठिणग्या येतात’ हे तुम्ही आधी लिहून कळवलं होतं आणि त्याने काही केलं नाही, अशा वेळी तुमच्या टीव्हीची मागणीही वजनदार होते. नुसत्या ‘घर तुमचं आहे’ या आधारावर ती टिकत नाही.

कलम वाचायचं, पण आपला करार न वाचता

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ चे फोटो खूप फिरतात. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाची: महिना १२,००० भाडं असेल तर वर्षाला ३६,००० पर्यंत. पावत्या आणि हिशेब ठेवणं आलंच.

पण हे कलम भाडेकरूसाठी आहे. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशिकमधल्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा भाडेकरू आणि अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर, फ्लॅट घेतलेला माणूस, यांची कायद्यातली जागा सारखी नाही. लायसन्सवर असाल तर कलम १४ च्या भरवशावर परस्पर पैसे कापू नका. आधी करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा. ‘किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी’ असं असेल आणि किरकोळ म्हणजे किती रुपये ते लिहिलेलं नसेल, तर सही करण्याआधीच आकडा टाकून घ्या. करार नोंदवलेलाच नसेल तर हातपाय गाळू नका. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि कलम ५५ नुसार लेखी नोंदणीकृत करार नसताना अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. हे कलम लिव्ह अँड लायसन्सलाही लागू आहे.

२०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा दाखवून दम भरणं तर सोडाच. तो केंद्राचा नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

आता थोडक्यात बाकीच्या चुका. आठ वर्षं जुन्या वस्तूसाठी नव्याची किंमत मागू नका. दुरुस्तीचं बिल मागा, किंवा झीज वजा करून आकडा सांगा. छतातून ओल येत असेल तर सोसायटीला मालकानेच लिहायला हवं, कारण सभासद तो आहे, तुम्ही नाही. शेवटच्या महिन्याचं भाडं परस्पर डिपॉझिटमधून वळतं करून ‘भरपाई’ वसूल करू नका. त्यात भाडं थकवल्याचा ठपका तुमच्यावर येतो. आणि फोनवर बोलणं झालं की तेच लगेच व्हॉट्सॲपवर लिहून टाका.

मेसेज असा असावा:

‘काका, नमस्कार. १२ तारखेला सकाळपासून गिझर लावला की ब्रेकर पडतो. फोटो सोबत आहेत. मिस्त्रीने एलिमेंट क्षारामुळे फुटल्याचं लिहून दिलंय, दुरुस्तीचा अंदाजही जोडलाय. जुना पार्ट काढला की ठेवून देईन. तुमचा मिस्त्री पाठवायचा असेल तर रविवारपर्यंत पाठवा. नाहीतर मी करून घेऊ का आणि पैसे पुढच्या भाड्यात वळते करू का, ते कळवा.’

यात आरोप नाही, तारीख आहे, आणि मालकाला ‘हो’ म्हणणं सोपं जातं. ते ‘हो’ लेखी आलं की लायसन्सवालाही निर्धास्तपणे रक्कम वळती करू शकतो. उत्तर आलंच नाही तर हाच मजकूर कागदावर, बिलांच्या झेरॉक्ससह, करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पोहोच पावतीसह पाठवा. पाइप फुटला असेल किंवा करंट लागत असेल तर मात्र उत्तराची वाट पाहू नका. कॉक किंवा मेन बंद करा, फोटो काढा, मेसेज टाका आणि गळती किंवा धोका थांबण्यापुरतंच काम करून घ्या. नवीन फिटिंग, टाइल्स, रंग यांसाठी मालकाचा होकार येईपर्यंत थांबा.