जुन्या कॉम्प्युटरचे भाग वापरताय? या चुका टाळा

भंगारात निघालेला कॉम्प्युटर उघडला की पहिला हात जातो एसएमपीएसकडे, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायकडे. बारा व्होल्ट, पाच व्होल्ट, भरपूर अँपिअर, सगळं एका डब्यात. माझ्या टेबलावरची बरीचशी कामं अशाच एका डब्यावर चालतात. म्हणून सुरुवात त्याच्यापासून, कारण सगळ्यात जास्त चुकाही त्याच्यातच होतात.

मेनचं बटण दाबलं आणि पंखा हलला नाही, की लोक एसएमपीएस मेला असं समजतात. बहुतेक वेळा तो फक्त मदरबोर्डच्या इशाऱ्याची वाट बघत असतो. २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरला जोडा, तो सुरू होईल. नाहीच झाला, तर जांभळी वायर मोजा. मेन चालू असताना तिच्यावर कायम ५ व्होल्ट हवेत. ते नसतील तर बिघाड आत आहे. ते असतील, पण पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, तर तपकिरी वायर शोधा. बारीक असते, नारिंगी वायरच्याच पिनमध्ये येते आणि ३.३ व्होल्ट नीट येतात की नाही ते एसएमपीएसला तिच्यातून कळतं. कनेक्टर कापताना ती सुटी राहते. नारिंगीला परत जोडली की काम होतं. मी स्वतः एक चांगला एसएमपीएस याच कारणाने टाकून द्यायला निघालो होतो.

दुसरी तक्रार असते, १२ व्होल्टवर मोटर लावली की व्होल्टेज पडतं. जुन्या बनावटीच्या बऱ्याच एसएमपीएसमध्ये ५ आणि १२ व्होल्ट एकत्रच सांभाळले जातात. ५ वर काहीच लोड नसेल तर १२ खाली येतात आणि ५ वर चढतात. लाल आणि काळ्या वायरमध्ये १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावा. त्यातून अर्धा अँपिअर जातो, म्हणजे अडीच वॅट उष्णता. तो चटका बसण्याइतका तापतो, तेव्हा वायरिंगपासून दूर, धातूच्या पेटीला टेकवून बसवा.

२४ व्होल्टसाठी दोन एसएमपीएस सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडायचा मोह मात्र आवरा. दोन्हींच्या काळ्या वायरी पेटीतून अर्थिंगलाच जोडलेल्या असतात. त्यामुळे पहिल्याचे १२ व्होल्ट दुसऱ्याच्या काळ्या वायरला लावले की सरळ शॉर्ट होतो. यावर उपाय म्हणून अर्थिंग तोडणारेही मी पाहिलेत. कृपा करून हे करू नका. आत काही बिघडलं तर मेनचा करंट पेटीवर येईल आणि पेटीला तर हात लागतोच. २४ व्होल्टचा वेगळा सप्लाय घ्या. आणि प्रत्येक आउटपुटला फ्यूज लावा. १२ व्होल्टची लाइन १५-२० अँपिअर सहज देते. एवढ्यात बारीक वायर लाल होऊन जळते, एसएमपीएसला मात्र तो साधा लोडच वाटतो.

डबा उघडणं मी शक्यतो टाळतो. २३० व्होल्टच्या मेनवर आतले मोठे कॅपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत चार्ज होतात, काही डिझाइनमध्ये चारशेच्या आसपास, आणि प्लग काढल्यावरही तो चार्ज टिकू शकतो. उघडायचाच असेल तर आधी मीटर लावून खात्री करा.

लॅपटॉपच्या बॅटरीतले १८६५० सेल, म्हणजे नळकांड्यासारखे लिथियम सेल, हा दुसरा मोठा मोह. २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करून ‘जिवंत’ करू नका. इतका उतरल्यावर आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि चार्ज करताना सेल आतच शॉर्ट होऊ शकतो. आग तिथूनच लागते. जे सेल बरे वाटतात ते ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करून दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा आणि परत मोजा. बाकीच्यांपेक्षा जास्त उतरलेला सेल बाद. वरचं वेष्टन फाटलेलं असेल तर आधी बदला, कारण सेलची सगळी डबी ऋण असते आणि धन टोकापासून तिला वेगळं ठेवणारी जागा अगदी चिंचोळी असते. सोल्डरिंग गनने थेट सेलवर डाख द्यायचा नाही. उष्णता धन आणि ऋण भाग वेगळे ठेवणाऱ्या आतल्या पडद्यापर्यंत जाते.

पंख्यांमध्ये गोंधळ रंगांचा होतो. तीन वायरच्या पंख्यात पिवळी वायर वेग मोजायची असते, पण प्रमाणित चार वायरच्या पंख्यात पिवळीच १२ व्होल्टची असते आणि वेगाची वायर हिरवी. आधीच्या सवयीने जोडलं की पंखा फिरत नाही. वारा उलटा हवा म्हणून वायरी उलट्या जोडू नका, पंखाच उलटा बसवा.

हार्ड डिस्कच्या मोटरला नुसते १२ व्होल्ट दिले तर ती फिरणार नाही, तिला तीन फेजचा ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारं सर्किट, लागतो. लॅपटॉपच्या डिस्कमधली चकती अनेकदा काचेची असते, वाकवली की तिचे तुकडे उडतात. डीव्हीडी रायटरच्या लेझर डायोडशी खेळूच नका. त्यातला सीडीचा किरण ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे जवळजवळ अदृश्य. डोळा मिटायच्या आत इजा झालेली असते.

ऑप्टिकल (सीडी-डीव्हीडी) ड्राइव्हमधली चार वायरची छोटी स्टेपर मोटर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर, मात्र कामाची आहे. ती नुसती थरथरत असेल तर कॉइलच्या जोड्या चुकल्यात. मीटर ओहमवर ठेवून ज्या दोन वायरींमध्ये रीडिंग येतं ती एक जोडी समजा आणि ड्रायव्हरला तशीच लावा. वायरी बदलण्याआधी पॉवर बंद करा. चालू ड्रायव्हरवरून मोटर काढली तर ड्रायव्हर जातो.