प्रवासाला काय घालायचं? कपडे बसून बघा, उभं राहून नाही

कपडे ठरवताना आपण आरशासमोर उभं राहून बघतो आणि प्रवासात मात्र अख्खा दिवस बसून काढायचा असतो. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, जे घालायचं ठरवलंय ते आदल्या दिवशी घरात घाला, अर्धा तास खुर्चीत बसा, मांडी घाला, बुटाची लेस बांधायला वाका, दोन्ही हात वर करून वरच्या रॅकवर बॅग ठेवल्यासारखं करा. कंबरेला काचतंय का, टी-शर्ट पाठीवरून वर सरकतोय का, गुडघ्यामागे कापड गोळा होऊन टोचतंय का, सगळं तिथल्या तिथे कळतं.

सगळ्यात आधी कंबर बघा. जाड डेनिमची घट्ट जीन्स बसल्यावर पोटात रुतते आणि चुकून भिजली तर लवकर वाळतच नाही. विमानात तर आणखी एक गोष्ट होते, केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा, त्यामुळे पोटातला गॅस फुगतो आणि सकाळी बरोबर बसलेली पॅन्ट दुपारी घट्ट वाटायला लागते. नाडीची किंवा इलॅस्टिकची कंबर असलेली सैलसर पॅन्ट घ्या, पण इतकी लांब-रुंद नको की जिना चढताना पायात येईल किंवा टॉयलेटच्या ओल्या फरशीवर लोळेल.

मग पाय. तासन् तास बसलं की पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत, रक्त वर ढकललं जात नाही आणि पावलं सुजतात, म्हणून ज्याची लेस किंवा पट्टा सैल करता येतो असेच बूट घाला, आणि तेही वापरून मऊ झालेले, कोरे करकरीत अजिबात नकोत. चार तासांहून मोठा प्रवास असेल आणि पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका असेल (आधी कधी झालेली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, गरोदरपण असेल) तर कॉम्प्रेशन मोज्यांबद्दल (पाय घट्ट दाबून धरणारे मोजे) डॉक्टरांना विचारा, मनाने आणून घालू नका कारण पायाचा रक्तपुरवठा आधीच कमी असेल तर तेच मोजे त्रास देतात. आणि मोजे कुठलेही असले तरी अधूनमधून उठून चालायचंच.

कापडाचं म्हणाल तर सुती अंगाला छान लागतं, घाम शोषतं, पण एकदा ओलं झालं की ओलंच राहतं. पॉलिस्टर पटकन वाळतं पण घामाचा वास धरतं, मेरिनो (एका जातीच्या मेंढीची मऊ, बारीक लोकर) वास कमी धरते पण महाग पडते. मला स्वतःला सुती आणि सिंथेटिक मिक्स असलेलं पातळ कापड बरं वाटतं. लिनन हवेशीर आहे, फक्त तासाभरात चुरगळतं, उतरल्या उतरल्या मीटिंग असेल तर नकोच. रंग गडद किंवा बारीक प्रिंटचा घ्या, चहाचा डाग पडला तरी दिवस निभावतो.

एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा दोन पातळ थर चांगले, म्हणजे आत टी-शर्ट आणि वर पुढून उघडणारं जॅकेट किंवा शर्ट. बाहेर ऊन, आत एसी, रात्री गारठा, असं दिवसभर बदलत राहतं आणि डोक्यातून काढायचं स्वेटशर्ट शेजारच्याला कोपर न लावता सीटवर काढताच येत नाही. सोबत एक मोठा स्टोल ठेवा, पांघरूण, उशी, उन्हाला आडोसा, सगळ्याला चालतो.

खिशाला चेन हवी, मागच्या खिशात पाकीट नको. सिक्युरिटीतून जायचं असेल तर मोठ्या बकलचा बेल्ट आणि जड दागिने घरीच ठेवा, रांगेत काढत-घालत बसायची घाई होते आणि नेमकं तेव्हाच काहीतरी ट्रेमध्ये राहतं.

मोठी बॅग उशिरा येऊ शकते, म्हणून एक टी-शर्ट, आतले कपडे आणि मोजे हातातल्या बॅगेतच ठेवा. लहान मूल सोबत असेल तर त्याचे जादा कपडे सगळेच घेतात, पण ज्याच्या मांडीवर ते बसणार आहे त्याचाही एक शर्ट घ्या, कारण मूल ओकलं की दोघांचेही कपडे बदलायला लागतात.