नोकरी गेली तरी मुलांचा आणि गरोदर बाईचा विमा थांबू देऊ नका

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मंडळींना मी घर-गाडीच्या आधी हेच विचारते: मुलांना, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला, आज विमा आहे ना? लेऑफ झाला किंवा कन्सल्टन्सीने प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसवलं की कंपनीचा विमा बंद पडतो, आणि आपली माणसं ‘पुढची नोकरी लागेल तेव्हा बघू’ म्हणत दिवस काढतात. तुम्ही ताप अंगावर काढाल, पण सातव्या महिन्यातली शुगरची तपासणी पुढे ढकलता येत नाही. भारतातून घेतलेल्या प्रवासविम्यात बाळंतपण सहसा धरलेलं नसतं.

अशा वेळी ‘एनजे फॅमिलीकेअर’ला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी आरोग्यविम्याला, अर्ज करा; मेडिकेड आणि चिप (मुलांचा विमा) या सरकारी योजना इथे याच नावाने चालतात. ‘ते गरिबांचं असतं, आपल्याला व्हिसावर मिळत नाही’ हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. १९९६ च्या कायद्याने ग्रीन कार्डवाल्यांनाही सरकारी विम्यासाठी पाच वर्षं थांबायला लावलं होतं, त्यामुळे हा समज पसरला. पण २००९ च्या कायद्याने राज्यांना कायदेशीर राहणारी मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना ती पाच वर्षं न लावता विमा देण्याची मुभा दिली. न्यू जर्सीने ती दोघांसाठीही घेतली; एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरचे लोक त्यात येतात. २०२३ पासून तर इथे १९ वर्षांखालच्या मुलांचं इमिग्रेशन स्टेटस पाहतच नाहीत.

उत्पन्नाची मर्यादाही वाटते तेवढी खाली नाही. मुलांसाठी ती दारिद्र्यरेषेच्या ३५५ टक्के आहे, म्हणजे २०२५ च्या आकड्यांनी तिघांच्या घराला वर्षाला साधारण ९४ हजार डॉलर. गरोदर स्त्रीसाठी २०५ टक्के, पण तिच्या अर्जात पोटातलं बाळही माणूस म्हणून मोजतात. उत्पन्न चालू महिन्याचं बघतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा मोठा पगार बघून आधीच माघार घेऊ नका.

अर्ज ऑनलाइन होतो. पे-स्टब (पगाराची पावती) किंवा नोकरी गेल्याचं पत्र, घराचं लीज आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) हाताशी ठेवा. अर्ज फक्त मुलासाठी असेल तर स्टेटस आईवडिलांचं विचारत नाहीत. एच-४ वरच्या मुलाला सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, तेवढ्यावरून अर्ज अडत नाही. तो रकाना कोरा सोडा. गरोदर असाल तर निकालाची वाट बघत घरी बसू नका. पात्रता गृहीत धरून लगेच तात्पुरता विमा देणारी क्लिनिकं आणि हॉस्पिटलं आहेत, फोन करून ‘प्रिझम्प्टिव्ह एलिजिबिलिटी’ असंच विचारा.

‘ग्रीन कार्ड अडेल’ या भीतीपोटी बायका तपासणीला जायच्या थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं. सरकारी मदतीवर अवलंबून राहील अशा माणसाला ग्रीन कार्ड नाकारता येतं, त्याला ‘पब्लिक चार्ज’ म्हणतात. पण २०१९ च्या त्याच्या कडक नियमातही गरोदर स्त्रिया आणि २१ वर्षांखालच्या मुलांचं मेडिकेड धरलं जात नव्हतं. २०२२ च्या नियमात तर साधं मेडिकेड (म्हणजे संस्थेत दीर्घकाळ ठेवण्याचा खर्च सोडून) आणि चिप कुणाचंच धरत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो नियम काढून टाकायचा प्रस्ताव आला, म्हणून विम्याच्या अर्जाआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा. पण वकिलालाच विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

दुसऱ्या राज्यात असाल तर नियम वेगळे असतील. टेक्ससमध्ये गरोदर स्त्रियांसाठी ‘चिप पेरिनेटल’ आहे.

आई फॅमिलीकेअरवर असेल तर बाळाला पहिल्या वाढदिवसापर्यंत विमा आपोआप मिळतो, आणि आईचाही बाळंतपणानंतर वर्षभर चालतो. विमा नोकरीतून मिळालेला असेल तर बाळाचं नाव जन्मानंतर ३० दिवसांच्या आत घालावं लागतं. बाळंतिणीच्या गडबडीत ते राहून जातं, म्हणून हे काम बाबांनी हॉस्पिटलातूनच एचआरला मेल टाकून सुरू करावं.

घर बदललंत तर नवा पत्ता लगेच कळवा. नूतनीकरणाचं पत्र दरवर्षी टपालाने येतं, आणि ते जुन्या पत्त्यावर गेलं की विमा बंद पडतो.