समर्थांचे अकरा मारुती दोन दिवसांत कसे करावेत

समर्थ रामदासांनी स्थापलेले अकरा मारुती एका दिवसात होतात का, असं मला सगळेच विचारतात. होतात. पहाटे गाडी काढली, प्रत्येक दारातून हात जोडले आणि पुढं पळालं की रात्री जेवायला घरी येता येतं. पण माझं ऐकाल तर दोन दिवस काढा. हे अकरा मारुती एकमेकांसारखे नाहीत. कुठं सहा-सात फुटी वीर, कुठं दीड फुटाचं बाळ, कुठं हात जोडलेला दास. धावत गेलं की शेवटी सगळे शेंदराच्या एका रंगात मिसळून जातात.

मी कराडची. आमच्या भजनी मंडळातल्या बायकांना घेऊन जाते, त्यामुळं गुडघे, पाण्याची बाटली आणि स्वच्छतागृह या तिन्हींचा विचार करूनच मार्ग आखते.

आधी गावं समजून घ्या. सातारा जिल्ह्यात शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, चाफळ आणि शिंगणवाडी. चाफळला दोन, म्हणजे इथंच सात झाले. सांगली जिल्ह्यात बहे आणि शिराळा. कोल्हापूर जिल्ह्यात पारगाव आणि मनपाडळे. समर्थांच्या शिष्या वेणाबाईंच्या अभंगात अकराही गावं आली आहेत, पण तो क्रम रस्त्याच्या सोयीचा नाही. त्यावर गाडी हाकली तर उंब्रजहून थेट पारगाव आणि तिथून परत मसूर असं होईल. अभंग गाडीत म्हणा आणि रस्ता खाली सांगते तसा धरा.

पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांनी आदल्या रात्री कराडला मुक्काम करावा. कराड-मसूर आणि कराड-चाफळ एसटी आहे, पण बहे आणि मनपाडळेसाठी गाड्या बदलण्यात दिवस जातो. सहा-सात जण असाल तर सरळ गाडी ठरवा. ठरवताना ‘अकरा मारुती, दोन दिवस’ असं स्पष्ट सांगा आणि बहे व मनपाडळे ही नावं मुद्दाम घ्या. नाहीतर ऐनवेळी चालक म्हणतो, एवढ्या आत जायचं ठरलं नव्हतं.

दिवस निवडताना दोन गोष्टी बघा, पाणी आणि ऊस. जुलै ते सप्टेंबर कृष्णेला पूर असेल तर बह्याच्या बेटावर जाता येत नाही. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की सह्याद्री, कृष्णा, वारणा या साखर कारखान्यांच्या सगळ्या पट्ट्यात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून चाललेले असतात. मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही, म्हणून अंधार पडल्यावर आतल्या रस्त्यांवर गाडी नको. हवा मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच छान. शनिवार टाळता आला तर टाळा. संक्रांतीला चाफळला सीतामाईची यात्रा भरते आणि वाण-वशासाठी बायकांची प्रचंड गर्दी होते. त्या गर्दीचा आनंद वेगळाच, पण त्या दिवशी अकरा मारुतींचा बेत धरू नका.

सामान थोडं घ्या. दिव्यासाठी तेलाची बाटली, कापूर, अकरा नारळ, सुट्टे पैसे आणि एक छोटी बॅटरी, कारण काही गाभारे भरदुपारीही अंधारे असतात. माळा घरीच करा. रुईची पानं आदल्या संध्याकाळी तोडा. देठाशी पांढरा चीक येतो, तो डोळ्याला लागला तर फार त्रास होतो, म्हणून पानं तोडून तासभर पालथी पसरून ठेवा आणि हात साबणानं धुवा. मग दोन-दोन पानं जोडीनं, देठाच्या थोडं वर सुई घालून ओवायची. देठातच सुई घातली तर माळ गळ्यात पडायच्या आधी पान फाटतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माळा दुसऱ्या दिवशीही हिरव्यागार राहतात.

एक कळकळीची विनंती. मूर्तीवर तेल ओतू नका. शहापूरच्या मारुतीला लोक चुन्याचा मारुतीच म्हणतात. मसूरची मूर्तीही चुन्याची. उंब्रजची चुना, वाळू आणि ताग यांची. पावणेचारशे वर्षं टिकलेली ही कामं आहेत. त्यांवर रोज बाटल्या रित्या झाल्या तर पुढच्यांना काय दिसणार? तेल समईत घाला. तुम्ही तेल दिव्यासाठी काढलंत की गुरवमामांनाही बरं वाटतं.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर कराडहून मसूर रस्त्यानं शहापूर. सुरुवात इथूनच करावी, कारण अकरांमधला पहिला मारुती हाच, शके १५६६ चा, म्हणजे १६४४-४५ सालचा. जांबेत १६०८ मध्ये जन्मलेले समर्थ टाकळीची बारा वर्षांची तपश्चर्या आणि बारा वर्षांची देशभ्रमंती संपवून कृष्णाकाठी आले ते याच सुमाराला. गावात सतीबाईंची गोष्ट ऐकायला मिळते. भिक्षेला आलेल्या समर्थांना त्यांनी आधी परतवलं, पुढं घरावर संकट आलं तेव्हा समर्थांनीच सोडवणूक केली. एखादी म्हातारी ओसरीवर बसलेली दिसली तर ही गोष्ट तिच्याच तोंडून ऐका.

तिथून मसूर जवळच. मग उंब्रज. उंब्रजचा मारुती मठातला आहे. समर्थ चाफळहून इथं कृष्णेत स्नानाला येत, असं सांगतात. उंब्रजला चहा-नाश्ता, स्वच्छतागृह सगळं उरकून घ्या. पुढं आत वळलं की सोयी कमी.

चाफळच्या वाटेवर माजगाव लागतं. गावाच्या वेशीवरच्या घोड्याच्या आकाराच्या धोंड्याला लोक मारुती समजून पूजत होते, समर्थांनी त्याच धोंड्यावर मारुती कोरवून घेतला, अशी इथली कथा. मला ही कथा फार आवडते. गावाची श्रद्धा होती तिथंच ठेवून समर्थांनी तिला रूप दिलं.

आता चाफळ. इथं किमान दोन तास द्या, आणि जमलं तर दुपारच्या महाप्रसादाची चौकशी आधीच फोन करून ठेवा. राममंदिर समर्थांनी १६४८ मध्ये उभारलं, आजची देखणी वास्तू १९७२ च्या जीर्णोद्धाराची, मफतलाल कुटुंबानं केलेली. रामाची मूर्ती समर्थांना अंगापूरच्या डोहात सापडली, अशी परंपरा आहे. रामासमोर दासमारुती उभा आहे, हात जोडून. आधी रामाचं दर्शन घ्या, मग वळून मारुतीकडे बघा, आणि मग त्याच्या बाजूला उभं राहून त्याची नजर कुठं जाते ते बघा. ती रामाच्या पायांवर आहे.

बरेच जण इथूनच परततात आणि दुसरा मारुती राहून जातो. मंदिराच्या मागं जा. तिथं प्रतापमारुती आहे, देऊळ समर्थांच्या काळचं. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपातही ते टिकलं, असं चाफळकर अभिमानानं सांगतात. इथं बसून भीमरूपी म्हणायची, पण डोळे उघडे ठेवून. माथ्यावर मुरडलेली शेपटी, कानातली कुंडलं, कमरेची घंटा. स्तोत्रातलं वर्णन एकेक करून समोर सापडत जातं. लहानपणापासून परवचा म्हणताना जे शब्द नुसते जिभेवरून गेले, ते इथं दिसतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना शोधायला लावा. आमच्याबरोबर आलेल्या एका नातवानं घंटा सगळ्यांच्या आधी शोधली आणि पुढं प्रत्येक देवळात तो घंटाच शोधत होता.

शिंगणवाडी चाफळपासून जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटर. हा टेकडीवरचा खडीचा मारुती, मूर्ती लहानशी. थोडी चढण आहे, ऊन उतरल्यावर जा. गुडघे दुखत असतील तर काठी घ्या आणि सावकाश चढा, पण खालूनच नमस्कार करून परतू नका. शिवराय आणि समर्थांची भेट इथं झाली, अशी चाफळ खोऱ्यातली श्रद्धा आहे. लांब डोंगरावर आता पवनचक्क्या फिरताना दिसतात. मुक्कामाला कराड गाठा.

दुसऱ्या दिवशी पेठ नाक्यावरून इस्लामपूर आणि तिथून बहे, साधारण दहा-बारा किलोमीटर. आता इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर झालं आहे, पाटीवर कोणतंही दिसलं तरी गोंधळू नका. बह्याला कृष्णा दुभंगते आणि मधल्या बेटावर रामलिंग आहे. रामानं पूजेला वाळूचं लिंग केलं, कृष्णा भरून आली, तेव्हा मारुतीनं बाहू पसरून प्रवाह दोन्हीकडं वळवला, अशी कथा. मारुती राममंदिराच्या मागं आहे. निघण्याआधी गावात पाण्याची चौकशी करा, आणि मुलांना काठावर एकटं सोडू नका.

मग परत पेठ नाका आणि पलीकडं बत्तीस शिराळा, नागपंचमीचं गाव. स्थापनेच्या क्रमानं अकरांमधला हा शेवटचा, शके १५७६ चा. मूर्ती भव्य, सात फुटांच्या घरात. माथ्याच्या दोन्ही बाजूंना झरोके आहेत आणि उगवतीचा-मावळतीचा प्रकाश तोंडावर पडावा अशी रचना. ज्यांना हेच बघायचं आहे त्यांनी दुसऱ्या दिवसाची सुरुवात शिराळ्यापासून करून बहे नंतर घ्यावं.

शिराळ्यात जेवण करून महामार्गानं वाठार, तिथून वारणानगर रस्त्याला पारगाव. दोन पारगावं आहेत, जुनं आणि नवं. मारुती जुन्या पारगावात. अकरांमध्ये सगळ्यात लहान मूर्ती हीच, दीड फुटाच्या आसपास. शिराळ्याच्या पाठोपाठ हिला बघितलं की दोन्ही नीट लक्षात राहतात, म्हणून हा क्रम मी कधी मोडत नाही.

शेवटचं मनपाडळे, उत्तराभिमुख मारुती. इथून जोतिबा अगदी जवळ आहे, पाय चालत असतील तर डोंगरावर जाऊन या. पुण्याकडं परतणाऱ्यांनी मात्र उजेड असेपर्यंत महामार्ग गाठावा. सज्जनगड याच फेरीत कोंबू नका. तिथं समर्थांची समाधी आहे, रात्री गडाचे दरवाजे बंद होतात, आणि मुक्काम करून पहाटेची काकड आरती मिळाली तरच जाण्याचं सार्थक. त्याला वेगळे दोन दिवस ठेवा, दासनवमीची गर्दी ओसरल्यावरचे.