ट्रिमरने कडा काढताना मानेवर ओरखडे येत होते, ते असे थांबले

दाढीची कड काढली की गळ्यावर बारीक रक्ताळलेल्या रेघा. तेल पाजलं, वेग कमी केला, कोरफड लावली, ओल्या त्वचेवर करून पाहिलं; फरक शून्य. दोन महिने बडोद्याच्या उकाड्यात घाम लागून मान चुरचुरत होती!

शेवटी दांडिया बाजारातल्या आमच्या न्हाव्याने ट्रिमर उजेडात धरला आणि म्हणाला, "भाऊ, पातं सरकून बसलंय." धुण्यासाठी मीच ते उघडलं होतं. हलणाऱ्या पात्याचे दात स्थिर पात्याच्या पुढे आले होते, म्हणजे कातडी थेट त्यांच्याच तोंडी.

ट्रिमर बंद केला, चार्जर काढला. दोन्ही स्क्रू अर्धा फेरा सैल केले. पूर्ण काढायचे नाहीत, आतली स्प्रिंग उडते. स्थिर पातं पुढे सरकवलं, त्याचे दात हलणाऱ्या पात्याच्या साधारण अर्धा मिलिमीटर पुढे आणि दोन्ही कडा समांतर. स्क्रू आळीपाळीने घट्ट केले. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दहा सेकंद चालवून जादा तेल पुसलं. मग मनगटाच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवून पाहिलं. टोचलं नाही, तेव्हाच चेहऱ्याला लावलं.

आता कोरड्या त्वचेवर, कातडी ताणून, कंठमण्याच्या दोन बोटं वर नुसतं टेकवतो आणि उचलतो. आडवं ओढत नाही. कपाळावर फक्त केसांच्या कडेच्या रेषेबाहेरचे केस काढतो. रेषा मागे सरकवायचा मोह झाला की ट्रिमर ठेवून देतो.