प्रश्न अडला की आधी त्याच्या अटी तपासा: या चुका टाळा

एखादा प्रश्न दिवसेंदिवस अडून राहिला की आपण आपल्या कुवतीला दोष देतो. तो दोष पुष्कळदा अनाठायी असतो, कारण प्रश्नाला आपणच नकळत एखादी जास्तीची अट जोडलेली असते.

तीन ओळींत तीन-तीन असे नऊ ठिपके हात न उचलता चार सरळ रेषांनी जोडायचे, हे कोडे अनेकांना परिचित असेल. रेषा ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर नेऊ नये असे कोडे कुठेही सांगत नाही, तरीही बहुतेकांची पेन्सिल कडेच्या ठिपक्यापाशी येऊन थांबते. न सांगितलेली अट पाळणे ही पहिली चूक होय. ती टाळण्यासाठी प्रश्नाच्या सर्व अटी कागदावर उतरवाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती कोणी घातली, हे लिहावे. जिच्यापुढे कोणाचेच नाव लिहिता येत नाही, ती बहुधा आपलीच असते.

मात्र अट सापडली म्हणजे काम झाले, असे मानणे ही दुसरी चूक आहे. वाइसबर्ग आणि अल्बा या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये दाखवून दिले की, रेषा बाहेर नेता येतात हे स्पष्ट सांगितल्यावरही हे कोडे थोड्याच जणांना सुटते. म्हणूनच ‘चौकटीबाहेर विचार करा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. बाहेर पडल्यावर कुठे वळायचे, हे प्रत्यक्ष रेषा ओढूनच शोधावे लागते.

सर्वांत चिवट चूक यशातून जन्मते. मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी 1942 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तीन भांड्यांच्या मदतीने ठरावीक पाणी मोजायचे होते. भांडी 21, 127 आणि 3 मापांची असतील आणि 100 मापे हवी असतील, तर मोठे भांडे भरून त्यातून पहिले एकदा व तिसरे दोनदा भरून घ्यायचे. हीच रीत लागोपाठ काही उदाहरणांत चालल्यावर 23, 49 आणि 3 मापांची भांडी देऊन 20 मापे मागितली गेली. येथे 23 मधून 3 काढले की उत्तर हाती येते. पण रीत अंगवळणी पडलेल्या बहुतेकांनी पुन्हा 49 मधून 23 आणि दोनदा 3 काढण्याचा लांबचाच रस्ता धरला. उत्तर बरोबर आल्यामुळे आपण अडकलो आहोत, अशी शंकाही येत नाही. यासाठी हुकमी पद्धत वापरण्यापूर्वी, ती माहीत नसती तर सुरुवात कोठून केली असती, असे स्वतःला विचारावे.

प्रश्नाचे शब्द पहिल्यांदा सुचले तसेच राहू देणे हीही चूकच. ‘पन्नास पानी अहवाल शुक्रवारपर्यंत कसा संपवू?’ या वाक्यात पन्नास पाने गृहीतच धरलेली आहेत. ‘वाचणाऱ्याला शुक्रवारी कोणता निर्णय घ्यायचा आहे?’ असे विचारले, तर कदाचित दोन पाने पुरतील.

शेवटची चूक उलट्या दिशेची आहे: प्रत्येक मर्यादा मनाचीच समजून झुगारून देणे. पुलाची भार पेलण्याची क्षमता किंवा औषधाची कमाल मात्रा ही मनाने घातलेली बंधने नव्हेत. म्हणून मघाच्या कागदावर आणखी एक रकाना आखावा आणि अट मोडल्यास नुकसान कोणाचे होईल, ते त्यात लिहावे. तेथे दुसऱ्याचे नाव आले, तर त्याला विचारल्याशिवाय त्या अटीला हात लावू नये.